गंजाला अडवायचं कसं?



भातकापणी झाली की विळे पडवीत खोचून ठेवतो. पुढच्या पावसाळ्यानंतर हातात घ्यावेत तर तांबूस गंज चढलेला. आपल्या मावळात पाऊस धो धो आणि हवाही दमट, त्यामुळे कुदळ, फावडं, शिलाई मशीन, शेवयांचं मशीन, काहीच सुटत नाही. मशीन गटाच्या कर्जातून घेतलेलं असेल तर हप्ते आपण फेडत राहतो आणि मशीन गंज खातो. म्हणून हे समजून घेऊ.

गंज का चढतो?
लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू, हे तिघं एकत्र आले की गंज धरतो. त्यात मीठ किंवा घाम लागला तर आणखी लवकर. तिघांतला एक जरी बाजूला ठेवला तरी गंज थांबतो. तेल, ग्रीस, रंग हेच काम करतात.

गंजरोधक रसायन म्हणजे काय?
हे रसायन थोडंच लागतं. ते धातूला चिकटून डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार करतं. ट्रॅक्टरच्या रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी कूलंट घालतात, त्यात अशी रसायनं असतात. वापरता वापरता ती संपतात, म्हणून कूलंट ठरल्या वेळी बदलावं लागतं. काही रसायनांचं प्रमाण कमी पडलं तर उलटच होतं: जिथे थर नसतो तिथे खोल खड्डे पडतात. म्हणून अंदाजाने काही मिसळू नका.

कंपनीतला कागद
नवलाख उंबरेपर्यंत एमआयडीसी आली आहे. पॅकिंगला जाणाऱ्या ताईंनी सुट्या भागांना गुंडाळायचा व्हीसीआय कागद पाहिला असेल. त्यातल्या रसायनाची वाफ बंद पिशवीत पसरते आणि धातूवर बसते. पिशवी उघडी राहिली तर उपयोग नाही.

हा कागद घरी आणून त्यात भाकरी बांधू नका, चुलीतही घालू नका. सोडियम नायट्राइट नावाचं गंजरोधक दिसायला मिठासारखंच असतं, पण पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. कूलंट चवीला गोड लागतं आणि तेही विषारी असतं. पोरं आणि जनावरं यांच्यापासून लांब ठेवा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नका.

हिरड्याची करामत
लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, बघितलंय ना? आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा पदार्थ बनवतं. आपल्या डोंगरातल्या हिरड्यातही टॅनिन भरपूर असतं. पूर्वी हिरडा आणि लोखंड वापरून काळी शाई करत. हलका गंज असलेल्या कुदळ-फावड्याला तारेच्या ब्रशने घासा, हिरड्याचा दाट काढा लावा, वाळू द्या. गंजाचा काही भाग काळा होऊन घट्ट बसतो. वरून तेलाचा हात द्या. याने गंज कायमचा जात नाही, पण त्याचा वेग कमी होतो.

एवढं करा
• अवजार धुऊन, पूर्ण कोरडं करूनच ठेवा. ओल्यावर तेल लावलं तर पाणी आतच अडकतं.
• विळ्या-खुरप्याला तेल पुसा, कोरड्या फडक्यात गुंडाळा. जमिनीवर किंवा ओल्या भिंतीला लागून ठेवू नका.
• शिलाई मशीनला मशीनचंच तेल घाला.
• शेवया, पापडाच्या मशीनला खाण्याचंच तेल. वापरण्याआधी पुन्हा धुवा.
• गाडीचं जळकं ऑईल हाताने लावू नका, कातडीला अपाय होतो.

पुढच्या बैठकीत गटाच्या मशीनची पाळी ठरवा: या महिन्यात कोण पुसणार, कोण तेल घालणार. वहीत तशी नोंद करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण मशीन हप्ते फिटल्यावरही चालत राहिलं पाहिजे ना!