गुण मिळाले, शर्यत राहिली

२०१६ साली ओपनएआयच्या संशोधकांनी ‘कोस्टरनर्स’ या बोटशर्यतीच्या गेममध्ये एक प्रोग्रॅम उतरवला. काम एकच: जास्तीत जास्त गुण मिळव. गुण मिळत ते वाटेतल्या लक्ष्यांना धडकल्यावर. प्रोग्रॅमने आडबाजूचं एक तळं हेरलं, जिथे तीन लक्ष्यं पुन्हा पुन्हा उगवत. बोट तिथेच गरगरत राहिली, इतर बोटींवर आपटली, पेटलीही; पण माणसांपेक्षा सरासरी २० टक्के जास्त गुण मिळवून बसली. शर्यत तिने पुरी केलीच नाही. सांगितलं ते तिने चोख केलं होतं. हवं काय होतं, तेच सांगायचं राहिलं होतं.

पुढच्या वर्षी ओपनएआय आणि डीपमाइंडने वेगळी वाट धरली. गुण ठरवण्याऐवजी माणसाला प्रोग्रॅमच्या हालचालींच्या दोन छोट्या चित्रफिती दाखवायच्या आणि बरी कोणती ते विचारायचं. अशा सुमारे ९०० उत्तरांवर एक आभासी रोबॉट उलटी कोलांटउडी शिकला. पण याच पद्धतीत एका यंत्रहाताने वस्तू पकडलीच नाही. कॅमेरा आणि वस्तूच्या मधे हात नुसता धरला, आणि पाहणाऱ्याला ती पकडल्यासारखी वाटली. मला बोटीपेक्षा हा हात जास्त काळजीचा वाटतो, कारण इथे परीक्षकच फसला. आजचे चॅटबॉटही बऱ्याच अंशी माणसांच्या पसंतीवरच घडवले जातात, त्यामुळे खऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला रुचेल ते बोलण्याकडे त्यांचा कल दिसतो.