उजेडाच्या पुढे जाता येईल का?

वळवाचे ढग दाटून येतात, लांब कुठेतरी वीज लखलखते आणि आपण मनाशी आकडे मोजू लागतो. एक, दोन, तीन... नऊ म्हणेपर्यंत गडगडाट कानावर येतो. वाचकहो, वीज आणि तिचा कडकडाट जन्मतात एकाच क्षणी. पण उजेड तत्काळ डोळ्यांपर्यंत पोचतो आणि आवाज मागून येतो. आवाजाला एक किलोमीटर तोडायला सुमारे तीन सेकंद लागतात. नऊ आकडे मोजून झाले, तर वीज तीन किलोमीटरवर आहे असे समजावे, हातातले काम टाकावे आणि पक्के घर गाठावे. झाडाखाली मात्र थांबू नये.

या आवाजाला माणसाने केव्हाच मागे टाकले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी चक येगर या अमेरिकन वैमानिकाने आवाजापेक्षा अधिक वेगाने विमान चालवून दाखवले. मग घरातले शाळकरी पोर विचारते, “आवाजाला हरवले, तर उद्या उजेडालाही हरवू की!” हा प्रश्न भाबडा नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी, त्यातही आपल्या मराठी शास्त्रज्ञांनी, त्यावर डोके शिणवले आहे. म्हणून घटकाभर आपणही त्याचा विचार करू.

वेग किती, अंतर किती

उजेडाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर आहे. जयसिंगपूरहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर. रेल्वेने तासाभराचा रस्ता. उजेड एका सेकंदात जयसिंगपूर ते कोल्हापूर असा पावणेचार हजार वेळा जाऊन येईल. चंद्रावरून तो सव्वा सेकंदात येतो, सूर्यावरून आठ मिनिटे वीस सेकंदांत. सकाळी उसाच्या पानावर पडलेले ऊन सूर्यावरून निघाले, तेव्हा तुम्ही कदाचित गोठ्यात धार काढत होता.

सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा मात्र एवढा दूर आहे, की तिथून उजेड यायला सव्वाचार वर्षे लागतात. आता माणसाचा वेग पाहा. मे १९६९ मध्ये ‘अपोलो १०’ यानातून परतताना तिघा अंतराळवीरांनी ताशी ३९,८९७ किलोमीटर वेग गाठला. त्या वेगाने या ताऱ्याकडे निघालो, तर पोचायला सुमारे १ लाख १५ हजार वर्षे लागतील. माणूस नसलेले ‘पार्कर’ हे यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याजवळून सेकंदाला १९२ किलोमीटर वेगाने गेले. माणसाने बनवलेले यान यापेक्षा वेगाने कधी गेलेले नव्हते. तरी हा वेग उजेडाच्या पंधराशेव्या हिश्शाएवढाच.

इंजिन वाढवून भागत नाही

तुम्ही म्हणाल, “इंजिन मोठे बसवा. दहा अश्वशक्तीने होत नाही, तर हजार लावा.” इथेच खरी मेख आहे. १९०५ साली आल्बर्ट आइनस्टाइन यांनी सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला. त्यानुसार वस्तू उजेडाच्या वेगाजवळ जाऊ लागली, की तिचा वेग आणखी थोडा वाढवायलाही शक्ती अफाट लागू लागते. उसाची भरलेली गाडी चढावर ओढताना दर पावलाला चढ अधिकच उभा होत जावा, तसे हे आहे. उजेडाचा वेग अगदी गाठायचा, तर लागणारी शक्ती मोजता येणार नाही एवढी होते.

याचा पडताळा रोज येतो. युरोपात जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचे एक यंत्र आहे. तिथल्या प्रयोगांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही भाग घेतात. त्या यंत्रात प्रोटॉन नावाचे सूक्ष्म कण पळवतात. प्रचंड वीज ओतून हे कण एवढे वेगवान होतात, की सेकंदाला उजेडाच्या फक्त तीन मीटर मागे राहतात. सायकल सावकाश चालवावी एवढाच काय तो फरक. पण तो फरक आजवर मिटलेला नाही.

आधी पेरणी, मग कापणी

शक्तीची अडचण ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी त्याहून खोल आहे.

आधी पेरणी आणि मग कापणी, हा क्रम कुणाला उलटा करता येत नाही. कारण आधी, परिणाम नंतर. आइनस्टाइनच्या सिद्धान्तात निरनिराळ्या वेगाने जाणाऱ्या माणसांची घड्याळे जुळत नाहीत. तुमचा एक तास तो दुसऱ्याचा एक तास असेलच असे नाही. तरीही काहीच उजेडापेक्षा वेगाने जात नाही, तोवर पेरणी आधी आणि कापणी नंतर, याबद्दल सगळ्यांचे एकमत राहते. पण एखादा निरोप उजेडाहून वेगाने धाडता आला, तर कुणा एका प्रवाशाच्या घड्याळात तो निरोप पोचेल आधी आणि निघेल नंतर! मग पुढच्या सुगीचा बाजारभाव आजच कळेल, आणि तो कळल्यामुळे तुम्ही ते पीक पेरणारच नाही. पेरलेच नाही, तर भाव कुठल्या पिकाचा कळला?

म्हणून उजेडाचा वेग ही नुसती वेगाची हद्द नाही. जगातल्या आधी-नंतरच्या क्रमाचा तो बांध आहे. तो फुटला, तर कार्यकारणाचा हिशेबच लागणार नाही.

मराठी माणसाचा शोध

मग हे सारे ठाऊक असूनही शास्त्रज्ञ गप्प बसले का? नाही. १९६२ साली अमेरिकेत बिलानियुक, देशपांडे आणि सुदर्शन या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हळू चालणारी वस्तू उजेडाला ओलांडू शकत नाही, हे कबूल. पण जन्मापासूनच उजेडाहून वेगवान असलेले कण असले तर? मूळचे केरळचे असलेले ई. सी. जी. सुदर्शन यासाठी एक छान दाखला देत. हिमालय ओलांडता येत नाही, म्हणून पलीकडे माणसेच नाहीत असे कुणी म्हणेल का? पलीकडची माणसे पलीकडेच जन्मलेली असतात. १९६७ साली या कल्पनेतल्या कणांना ‘टॅकिऑन’ असे नाव पडले. गंमत अशी, की असा कण असलाच तर त्याला उजेडापेक्षा हळू कधीच होता येणार नाही. त्याच्यासाठी भिंत उलट्या बाजूने.

१९७६ साली याच कणांवर डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांनी काम केले. नारळीकर आपल्याच मुलखातले. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात ते निवर्तले. विश्व पसरत असताना या टॅकिऑनांचे काय होईल, याचे गणित त्यांनी सुदर्शन यांच्याबरोबर मांडले. उजेडालाही गिळणाऱ्या कृष्णविवराजवळ असा कण आला तर काय घडेल, याचा विचार त्यांनी संजीव धुरंधर यांच्याबरोबर केला. गणित झाले, पण असा कण आजपर्यंत कुठल्याही प्रयोगात सापडलेला नाही. गणितात बसते ते सारे निसर्गात असतेच असे नाही. जमाखर्चाच्या वहीत लिहिले म्हणून कोठारात धान्य येत नाही.

सैल वायरची गोष्ट

सप्टेंबर २०११ मध्ये मात्र साऱ्या जगात खळबळ उडाली. जिनिव्हाहून इटलीतील एका डोंगराखालच्या प्रयोगशाळेकडे सुमारे ७३० किलोमीटर अंतर जमिनीतून पार करणारे न्यूट्रिनो नावाचे कण उजेडाच्या आधी पोचल्याचे दिसले. किती आधी? सेकंदाचे दहा कोटी भाग केले, तर त्यातले सहा भाग. प्रयोग करणाऱ्यांनी बढाई मारली नाही. “आम्हाला चूक सापडत नाही, तुम्हीही तपासा,” असे त्यांनी सांगितले. २०१२ च्या सुरुवातीला दोष उघडकीस आला. वेळ मोजणाऱ्या यंत्रणेची एक केबल नीट घट्ट बसलेली नव्हती. मोटारीच्या स्टार्टरमधली सैल वायर ज्याने शोधली आहे, त्याला हा प्रकार लगेच उमजेल. दुसऱ्यांनी फिरून मोजले, तेव्हा न्यूट्रिनो उजेडाच्या पुढे नव्हते.

विज्ञान आणि थोतांड यांतला फरक इथे दिसतो. ज्याची तपासणी कुणालाही करता येते आणि चूक निघाली तर जो ती मान्य करतो, त्याचे बोलणे ऐकावे. “आमचे महाराज मनोवेगाने सूर्यमंडळात जाऊन आले,” असे कुणी सांगितले, तर काय आणले ते विचारावे. मनाने काशीला जाणे म्हणजे काशीला जाणे नव्हे. खरे तर शरीरातली खबर मेंदूकडे नेणाऱ्या सर्वांत वेगवान नसांचा वेगही फार तर सेकंदाला शंभर-सव्वाशे मीटर असतो. उजेडापुढे तो काहीच नाही.

आणखी एक वाट सुचवली गेली आहे. १९९४ साली मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकोच्या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले, की यानाभोवतीचे अवकाशच पुढे आकसले आणि मागे पसरले, तर यान जागच्या जागी राहूनही लांब पोचेल. पण त्यासाठी ‘उणे’ ऊर्जा लागते, आणि तीही अफाट. ती कुठून आणायची, हे कुणीही दाखवून दिलेले नाही.

परवानगी आहे, पण किंमत मोठी

उजेडाच्या पुढे जाता येत नसले, तरी त्याच्या जवळपास जायला निसर्गाची मनाई नाही. तिथे एक नवल घडते. वेगवान प्रवाशाचे घड्याळ मंद चालते. वातावरणात उंचावर म्युऑन नावाचे कण तयार होतात. त्यांचे आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-सव्वादुप्पट. एवढ्यात ते पाऊण किलोमीटरही जाऊ नयेत. तरी दहा-पंधरा किलोमीटर उतरून ते जमिनीवर पोचतात. तळहात पसरलात, तर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून आरपार जातो. अशा कणांच्या आयुष्यावरून आइनस्टाइनच्या सिद्धान्ताची परीक्षा घेता येईल, असे १९३८ साली सांगणारे शास्त्रज्ञ होते मुंबईचे होमी भाभा. पुढे १९४१ साली प्रयोगांनी ते सिद्ध झाले.

आता हाच नियम माणसाला लावून पाहा. अभिजित हा ठळक तारा २५ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे तिथला उजेड इथे यायला २५ वर्षे लागतात. समजा, तुमचा पंचवीस वर्षांचा मुलगा उजेडाच्या ९९ टक्के वेगाने तिकडे जाऊन लगेच परतला. त्याच्या लेखी सात वर्षे जातील, तो बत्तीस वर्षांचा असेल. पण घरी पन्नास वर्षे उलटलेली असतील. त्याने निघताना कडेवरून खाली ठेवलेली आठ वर्षांची बहीण अठ्ठावन्न वर्षांची होऊन दारात उभी असेल. आईबाप कदाचित नसतील. बांधावरचे आंब्याचे रोप म्हातारे झाड झाले असेल. मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणाऱ्या घरांना या प्रवासाची खरी किंमत समजावून सांगायला नको.

आपल्या बांधापर्यंत

“या साऱ्याचा आम्हाला उपयोग काय?” असा प्रश्न रास्त आहे. हल्ली जमिनीची मोजणी उपग्रहांशी बोलणाऱ्या रोव्हर यंत्राने होते. उपग्रहातून निघालेला संदेश उजेडाच्या वेगाने येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून जागा ठरते. पण वेग आणि गुरुत्वाकर्षण यांमुळे उपग्रहाचे घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. एवढ्या अवधीत उजेड ११ किलोमीटर जातो. आइनस्टाइनच्या हिशेबाने ही दुरुस्ती केली नाही, तर तुमचा बांध शेजारच्या गावात निघेल. फूटभर जागेवरून भाऊबंदकी होते, तिथे केवढा अनर्थ!

आणि हे ज्ञान आता मराठवाड्याच्या मातीतही रुजत आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीचे तिचे दोन बाहू असतील. ज्या धुरंधरांनी तरुणपणी टॅकिऑनांचे गणित केले, त्यांनीच पुढे या लहरी ओळखण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत अनेक वर्षे काम केले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी परदेशातील अशा वेधशाळांनी दोन ताऱ्यांच्या टकरीची लहर टिपली. तिच्या पाठोपाठ पावणेदोन सेकंदांत त्याच टकरीचे गॅमा किरण, म्हणजे उजेडाचीच एक जात, येऊन पोचले. दोघांनी तेरा कोटी वर्षे प्रवास केला होता. एवढ्या लांबच्या शर्यतीत कुणी कुणाला मागे टाकले नाही.

तेव्हा घरातल्या पोराने पुन्हा विचारले, तर त्याला “गप्प बस” म्हणू नका. आजच्या ज्ञानाप्रमाणे उत्तर ‘नाही’ आहे, आणि ते का, हेही सांगा. वीज चमकली की त्याला आकडे मोजायला शिकवा. पावसाळा सरल्यावर, आश्विनात, अंधार पडला की त्याला अंगणात नेऊन वायव्येला उंचावर चमकणारा अभिजित दाखवा. आज दिसणारा त्याचा उजेड पंचवीस वर्षांपूर्वी तिथून निघालेला आहे. त्या साली आपल्या घरी काय घडले होते, कोण होते, कोण जन्मले नव्हते, ते त्याला सांगा.