परदेशची वाट आणि गावचा हुन्नर

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. वडिलांच्या काळी दुकानाच्या ओट्यावर चार शिंप्यांच्या मशिनी असत. गिऱ्हाईक शर्टपीस घेई, तिथेच माप देई आणि आठ दिवसांनी शर्ट घेऊन जाई. हे चारही कारागीर आसपासच्या खेड्यांतले होते. आज ओट्यावर तीन मशिनी आहेत. त्यांपैकी दोन मशिनींवर उत्तर प्रदेश आणि बिहारचे कारागीर बसतात. रमजानचे वीस रोजे झाले की ते गावी निघतात, आणि ऐन हंगामात आमचे गिऱ्हाईक समोरच्या रेडिमेडच्या दुकानाची पायरी चढते.

आमचे शिंपी गेले कुठे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. १९७३ साली तेलाचे भाव चढले तेव्हापासून कोकणातल्या मुसलमान घरांतून आखाताची वाट मळलेली आहे. त्या वाटेने पैसा आला, कौलांच्या जागी स्लॅब पडले, बहिणींची लग्ने झाली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्या गल्ल्यात पडणारा रुपयाही बऱ्याच अंशी तिकडूनच येतो. २०२२ साली परदेशस्थ भारतीयांनी घरी पाठविलेली रक्कम ११,१०० कोटी डॉलरच्या घरात होती; जगात कोणत्याही देशाला इतकी रक्कम मिळाली नाही. हा हिशोब सर्वांना पाठ आहे. आम्हाला आज दुसरी खतावणी उघडायची आहे. माणूस परदेशी गेला की त्याच्याबरोबर गावची किती विद्या आणि किती हुन्नर जातो? आणि त्याच्या जाण्यामुळे मागे राहिलेल्यांत विद्या वाढते की घटते?

आम्ही उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिकलो. दहावीच्या वर्गात शेवटच्या दोन बाकांवरची मुले अभ्यासाची फिकीर करीत नसत. कोणाचा मामू कुवेतला, कोणाचा भाई बहरीनला; पासपोर्ट आला की हेही जाणारच. गणिताचे सर चिडून म्हणत, "तिकडे जाऊन पोती तरी मोजता यायला हवीत ना!" पण खरे सांगायचे तर त्या मुलांचा हिशोब अगदीच चुकीचा नव्हता. तिकडे पोती उचलणाऱ्याला दिनार मिळत होते आणि उचलण्यापूर्वी गुणपत्रिका कोणी मागत नव्हते.

हे फक्त कोकणात झाले असे नाही. मेक्सिकोच्या खेड्यांचा अभ्यास मॅकेन्झी आणि रापोपोर्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केला. ज्या घरातून कोणी अमेरिकेला गेलेले आहे, त्या घरातल्या मुलांची शाळा लवकर सुटते, असे त्यांना आढळून आले. कारण तेच. कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडून शेतावर राबणाऱ्याला मेक्सिकोतल्या शाळेच्या दाखल्याचा काडीचाही उपयोग नसतो. घरात डॉलर येतात, फी भरायची ऐपत असते, तरी मुलगा शाळेत बसत नाही.

पूर्वी या प्रश्नाचा विचार फक्त डॉक्टर-इंजिनियरांपुरता होत असे. गरीब देशाने शिकवावे आणि श्रीमंत देशाने न्यावे, ही नुकसानी भरून काढण्यासाठी परदेशी गेलेल्या सुशिक्षितांच्या मिळकतीवर कर बसवून तो मायदेशाला द्यावा, अशी सूचना मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७२ साली मांडली होती. तसा कर काही आला नाही. पुढे १९९० नंतरच्या दशकात ओडेड स्टार्क आदींनी वेगळाच मुद्दा काढला. परदेशी जाण्याची आशा हीच माणसाला शिकायला लावते. शिकणारे पुष्कळ असतात, प्रत्यक्ष जाणारे थोडे. उरलेले शिकून गावातच राहतात.

कागदावर हे गोड वाटते. प्रत्यक्षात कुठे घडले का? नेपाळात घडले. ब्रिटिश फौजेत गुरखे भरती होतात, हे सर्वांना माहीत आहे. पूर्वी तिथे छाती आणि पाय पाहत. १९९३ साली ब्रिटिशांनी भरतीसाठी किमान आठ वर्षांच्या शिक्षणाची अट घातली. स्लेश श्रेष्ठ या अर्थशास्त्रज्ञाने या अटीचा परिणाम तपासला. ज्या जमातींतून भरती होते, त्यांच्या मुलांचे शिक्षण सरासरी सुमारे एक वर्षाने वाढले. जागा थोड्या आणि उमेदवार हजारो, त्यामुळे बहुतेकांना भरती मिळाली नाही. पण शिकलेले वर्ष कोणी परत घेऊ शकत नाही. त्याचा फायदा त्यांना पुढे नोकरी-धंद्यात झाला.

आता आपल्याकडे पाहा. दहावी उत्तीर्ण नसलेल्याचा पासपोर्ट सामान्यतः ईसीआर असतो. १९८३ च्या कायद्याप्रमाणे त्याला आखाती देशांत नोकरीला जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास झाला की ही कटकट संपते. आमच्या मते, आमच्या गावांतल्या पुष्कळ मुलांना दहावीच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसविले ते आईबापांनी नव्हे, या एका शिक्क्याने. दारावर काय मागतात, यावर घरात काय शिकले जाते हे ठरते.

फिलिपीन्समध्ये २००० नंतर अमेरिकेने नर्सेसना व्हिसा सढळ केला. तिथे नर्सिंग कॉलेजे पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. एका नर्समागे, जी देश सोडून गेली, नऊ जादा नर्सेस परवाना मिळवून तयार झाल्या, असा हिशोब अबार्कार आणि थिओहारिडेस यांनी काढला आहे. काही डॉक्टरसुद्धा पुन्हा शिकून नर्स झाले, म्हणजे पुढच्या माडीवरून खाली उतरले. २००७ च्या सुमारास व्हिसाचे दार अरुंद झाले आणि हजारो मुली प्रमाणपत्र घेऊन घरी बसल्या. एकाच गिऱ्हाइकावर पेढी चालविणाऱ्याचे जे होते तेच.

पण आमच्या धंद्यातले उदाहरण या सर्वांहून बोलके आहे, आणि ते मुद्दाम सविस्तर सांगतो. आज बांगलादेशच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक आहे. १९७८ साली तिथे निर्यातीचा तयार कपडा नावापुरता होता. नूरुल कादर या माजी सनदी अधिकाऱ्याने चितगावात 'देश गारमेंट्स' काढले आणि दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. देवूचा स्वार्थ उघड होता. श्रीमंत देशांनी मल्टी-फायबर करारान्वये कोरियाच्या कपड्यावर कोटा लावला होता, बांगलादेशचा कोटा मात्र मोकळा पडून होता. १९७९ साली 'देश'ने आपली १३० माणसे सहा महिन्यांसाठी कोरियातल्या पुसानला देवूच्या कारखान्यात पाठविली. तिथे ती फक्त मशीन चालवायला शिकली नाहीत. शंभर थर एकावर एक ठेवून कटाई कशी करायची, एक शर्ट चाळीस हातांतून कसा फिरवायचा, माल कोणत्या टेबलावर नापास करायचा, परदेशी खरेदीदाराशी तारखेचा वायदा कसा पाळायचा, हे सर्व शिकून आली. १९८० साली पहिल्या वर्षी कारखान्याने ४३ हजार शर्ट काढले. १९८७ साली हाच आकडा २३ लाखांवर गेला.

मौज पुढेच आहे. या १३० जणांपैकी ११५ जणांनी त्या दशकात 'देश गारमेंट्स' सोडले. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात गेला. 'देश'ला तोटा झाला, देशाला नफा. परदेशी गिऱ्हाइकाच्या लेटर ऑफ क्रेडिटच्या आधारावर कापड मागविण्यासाठी दुसरे लेटर ऑफ क्रेडिट उघडायचे आणि आयात कापड जकातीशिवाय बाँडेड गोदामात ठेवायचे, ही युक्तीही 'देश'च्या धडपडीतून तिथे रुजली. भांडवल नसलेल्या माणसालाही त्यामुळे निर्यातीत उतरता आले. व्यापारी बंधूंनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ती माणसेही परदेशीच गेली होती. पण ती एका धंद्याची होती, त्याच धंद्यासाठी गेली, आणि परत आली तेव्हा मशीन त्यांची वाट पाहत होते.

आमच्या ओट्यावरून गेलेल्या माणसाची गोष्ट याच्या उलट आहे आणि तिच्यात आमचाही हात आहे. एक कटिंग मास्टर होता, नाव देत नाही. एकाच ताक्यातून इतरांपेक्षा एक शर्ट जास्त काढी आणि पठाणीला त्याच्यासारखा घेर कोणी देत नसे. १९९८ साली वडिलांनी आणि आम्ही त्याला व्हिसासाठी पैसे उसने दिले. एजंटाने टेलरचा व्हिसा म्हणून सांगितले होते. उतरल्यावर कळले की काम गोदामातले आहे. करारपत्र अरबी आणि इंग्रजीत होते. त्यानेही वाचले नव्हते, आम्हीही वाचले नव्हते. चौदा वर्षे त्याने खोकी उचलली. उधारी मात्र पै न् पै फेडली.

२०१२ साली तो परत आला तेव्हा आम्ही हौसेने कात्री त्याच्या हाती दिली. खडूची रेघ पूर्वीसारखीच सरळ होती, पण बाही बसेना. कमरेतून वाकून टेबलाशी उभे राहणेही होईना. शेवटी त्याने नाक्यावर रिक्षा घेतली. हात सुटला त्याचे दुःख आहेच, पण आम्हाला अधिक लागते ते वेगळेच. तो इथे असता तर चौदा वर्षांत त्याच्या हाताखाली चार-पाच पोरे तरी तयार झाली असती. ते शागीर्द आम्ही खतावणीत कुठेच लिहिले नव्हते.

एवढेच लिहून थांबलो तर बेइमानी होईल. त्याच्या पैशावर त्याची थोरली मुलगी शिकली. ती आज फार्मासिस्ट आहे आणि आमच्याच बाजारातल्या औषधाच्या दुकानात उभी राहते. आखाताच्या पैशाने कोकणातल्या किती मुली शिकल्या याची मोजदाद आम्ही केलेली नाही, पण ज्या घरात जाऊ तिथे दिसतात. धाकटा मुलगा मात्र दहावीत दोन विषयांत नापास होऊन बसला. अब्बा गेले तसे आपणही जाऊ, ही आशा. एकाच घरात एकाच पैशाने दोन फळे.

केरळात १९९८ पासून परदेशी गेलेल्यांची पाहणी होत आली आहे. २०२३ च्या पाहणीत सुमारे २२ लाख मल्याळी परदेशी आढळले आणि त्यांत विद्यार्थी अडीच लाख. पाच वर्षांत विद्यार्थी दुप्पट झाले. म्हणजे आता कमवायला नव्हे, शिकायलाच जातात, आणि पैसा इकडून तिकडे जातो. तिथला गवंडी आखातात आणि तिथली वीट बंगाल-आसामचा मजूर रचतो. आमच्या ओट्याची हीच कथा आहे, फक्त मोठ्या अक्षरांत.

मास्टरचा तो धाकटा गेली दोन वर्षे आमच्या तिसऱ्या मशिनीवर आहे. हात बापाचा आहे. गेल्या पावसाळ्यात म्हणाला, "शेठ, कतारचा व्हिसा येतोय, पैसे द्याल का?" आम्ही हो म्हटले, पण या वेळी अटी घातल्या. आधी राहिलेले दोन विषय सोडवायचे. करारपत्र आले की त्यावर धंद्याचे नाव काय लिहिले आहे ते आमच्यासमोर कोणाकडून तरी वाचून घ्यायचे. कटर किंवा टेलर लिहिलेले नसेल तर पैसे नाहीत. आणि जाण्यापूर्वी दोन पोरे तयार करून जायचे.

तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीने आणून सोडला.

पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आहे. रात्री शटर अर्धे ओढले की तो ताक्यांना टेकून इंग्रजीचे पुस्तक उघडतो. आमचे इंग्रजी आमच्या शाळेसारखेच; शब्द अडला की औषधाच्या दुकानातून बहीण येईपर्यंत दोघेही थांबतो. गावातली दोन पोरे त्याच्या हाताखाली काज-बटनाला बसविली आहेत. त्यांपैकी एकाने परवा पहिली कॉलर लावली. वाकडी बसली. उसवून पुन्हा लावायला सांगितले आहे.