काम चांगलं, तरी निधी का मिळत नाही? कॉलेजमध्ये असतानाच शिका प्रपोजल लिहायला

गावाकडच्या एखाद्या छोट्या संस्थेत जाऊन बघा. कार्यकर्ते वर्षानुवर्षं राबतायत, सगळा तालुका त्यांना ओळखतो. पण "निधी कशाला हवा, किती हवा आणि त्यातून काय बदलेल, ते चार पानांत लिहून द्या" म्हटलं, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

ही चार पानं म्हणजे प्रपोजल. ते लिहिता येणं हे आज पगार मिळवून देणारं कौशल्य आहे.

पैसा येतो कुठून?

सरकारी योजना आणि खासगी फाउंडेशन आहेतच, पण मोठा वाटा सीएसआरचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा नियम १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. म्हणजे कंपन्यांनाही चांगलं काम शोधावंच लागतं.

प्रपोजलमध्ये असतं काय?

समजा, एका गावातल्या ४० मुली सातवीनंतर शाळा सोडण्याच्या बेतात आहेत. हायस्कूल ६ किलोमीटरवर आणि शाळेच्या वेळेला एसटी नाही. ही झाली गरज. उपाय काय, तर सायकली. एक सायकल ५,००० रुपयांना धरली तर ४० सायकलींचे २ लाख. वर्षभराची दुरुस्ती प्रत्येकी ५०० रुपये, म्हणजे २० हजार. एकूण २ लाख २० हजार, एका मुलीमागे ५,५०० रुपये.

आता शेवटचा प्रश्न, उपयोग झाला हे कळणार कसं? सायकलवाटपाचे फोटो हे त्याचं उत्तर नाही. वर्षभरानंतर त्यातल्या किती मुली हायस्कूलच्या हजेरीपटावर आहेत, हे खरं उत्तर.

बहुतेक जण भाषेवर घाम गाळतात आणि आकड्यांत अडकतात. गरजेत ४० मुली आणि बजेटमध्ये ४५ सायकली दिसल्या, की वाचणाऱ्याचा विश्वास तिथंच उडतो.

सोबत कागदपत्रंही लागतात. संस्थेची नोंदणी, १२ए आणि ८०जी, ऑडिट रिपोर्ट हे नेहमीचं. सीएसआरचा पैसा घ्यायचा तर एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा नोंदणी क्रमांक हवा. परदेशी देणगीसाठी एफसीआरएची परवानगी वेगळी.

सुरुवात कशी करायची?

एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात सर्व्हे केलाय? मग अर्धं काम झालंय. त्यातली एकच अडचण निवडा आणि दोन पानं लिहा. जवळच्या एखाद्या संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ऑडिट मागून वाचा. त्यांच्या पुढच्या अर्जाला मदत करा. अर्ज नाकारला गेला तर कारण विचारून घ्या.

मराठी माध्यमात शिकलात म्हणून मागे हटू नका. बऱ्याच कंपन्यांना प्रपोजल इंग्रजीत लागतं हे खरं, पण इंग्रजी कुणीतरी तपासून देईल. ओट्यावर बसून एखाद्या आईला "पोरीची शाळा का बंद केली?" हे विचारणं आणि तिचं उत्तर समजून घेणं, ते तुम्हालाच जमेल. प्रपोजलमधला सगळ्यात भक्कम परिच्छेद तिथूनच येतो.

पुढे सामाजिक संस्थांमधला निधी विभाग, कंपन्यांचे सीएसआर विभाग, विद्यापीठांतले संशोधन प्रकल्प, सगळीकडे हे काम लागतं. स्वतंत्रपणे केलंत तर मानधन आधी ठरवून घ्या. मंजूर रकमेवर टक्केवारी मागू नका, तो पैसा त्या मुलींच्या सायकलींचा असतो.

आणि आकडा फुगवायचा मोह आवरा. पैसे आल्यावर प्रत्येक ओळीचा हिशेब द्यावा लागतो. तेव्हा तुम्ही दुसरीकडे नोकरीला लागलेले असाल, उत्तर द्यायला गावातली ती संस्थाच उभी असेल.