पत्ता कोणास विचारावा?

बिऱ्हाड बदललें म्हणजे शहाणा गृहस्थ टपालकचेरींत नवा पत्ता नोंदवून ठेवतो. टपालवाल्यानें तेथें चौकशी केली तर पत्र नव्या घरीं पोंचतें. पण जुनी वाट पायांखालची म्हणून तो तिकडेच गेला, तर पत्र बंद दारांत पडून राहतें आणि पाठविणाऱ्यास त्याची वार्ताहि लागत नाहीं. संगणकाच्या जगांत एका उपयुक्त साधनाकडून असाच प्रकार कांहीं वर्षें होत होता. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

संगणकाच्या आज्ञावली लिहिणारी मंडळी आपल्या लेखनांतील फेरफारांची नोंद बहुधा ‘गिट’ या साधनांत ठेवतात. लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सच्या कामाकरितां तें २००५ च्या एप्रिलमध्यें निर्माण केलें. कोणती ओळ कोणीं व केव्हां बदलली हें त्यावरून कळतें. अशा एका नोंदीस ‘कमिट’ म्हणतात. गिट मुळांत आज्ञा टंकून चालवावयाचें. ज्यांस खिडक्या आणि बटणें सोयीचीं वाटतात, त्यांच्याकरितां शॉन पियर्स यांनीं २००६ सालीं ‘गिट गुई’ हें दर्शनी साधन लिहावयास घेतलें.

नोंद कायम होण्यापूर्वीं तपासणी करण्याची सोय गिटमध्यें आहे. त्यासाठीं लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीस ‘हूक’ म्हणतात. ‘प्री-कमिट’ नांवाच्या हूकनें नापसंती दर्शविली, कीं नोंद तेथेंच थांबते. एखादा परवलीचा शब्द चुकून लेखनांत राहिला असेल, तर त्यास अडविण्याचें काम या पहारेकऱ्यावर सोंपवितां येतें. तो शब्द नोंदींत शिरून इतरांच्या हातीं गेला म्हणजे मग परत घेतां येत नाहीं; बदलावाच लागतो.

या हूकांची मूळ जागा म्हणजे ‘.गिट’ फोल्डरांतील ‘हूक्स’ हा फोल्डर. परंतु प्रकल्पाची प्रत दुसऱ्यानें घेतली तर त्यांतील हूक तिच्याबरोबर जात नाहींत. म्हणून जून २०१६ मधील २.९ या आवृत्तींत ‘कोअर.हूक्सपाथ’ ही नवी सेटिंग आली. हूकांचा पत्ता ज्यानें त्यानें ठरवावा, अशी मोकळीक तिनें दिली. त्याआधीं, जुलै २०१५ मधील २.५ या आवृत्तींत, ‘वर्कट्री’ची सोय झाली होती. तिच्यामुळें एकाच संग्रहावर निरनिराळ्या फोल्डरांतून काम करतां येतें. जोडलेल्या वर्कट्रींत ‘.गिट’ हा फोल्डर नसतो, एका ओळीची फाइल असते. तिचा खासगी संग्रह कोठें आहे तें त्या ओळींत लिहिलेलें असतें. हूक मात्र सर्वांस सामाईक राहतात.

गिट गुई नोंद करतांना ‘कमिट’ ही तयार आज्ञा वापरीत नसे. खालच्या थरांतील आज्ञांनीं तें नोंद स्वतःच रची. अर्थात् हूक शोधून चालविण्याची जबाबदारीहि त्याचीच होती. त्याची रीत सोपी होती: गिटच्या फोल्डरचा पत्ता घ्यावा आणि त्यास ‘हूक्स’ हा शब्द जोडावा. नवी सेटिंग कोणीं केली असल्यास ही रीत जुन्याच घरीं जाई; वर्कट्रींत तर ती खासगी संग्रहांत शोध घेई, जेथें हूक नसतातच. हूक सांपडला नाहीं म्हणजे तपासणी ठेवलेलीच नाहीं, असें समजून नोंद पुढें चाले. चुकीची सूचना येत नसे, आणि खरा धोका याच मौनांत होता. आज्ञा टंकून काम करणाऱ्यास पहारेकरी अडवी. त्याच फोल्डरांत बटण दाबणारा मात्र बिनतपासणीचा निघून जाई.

२०१९ सालीं हा दोष दूर करण्यांत आला. उपाय असा, कीं पत्ता स्वतः रचूं नये, गिटलाच विचारावा. ‘रेव्ह-पार्स’ या आज्ञेस ‘गिट-पाथ’ हा पर्याय देऊन ‘हूक्स’ कोठें आहे असें विचारलें, म्हणजे सेटिंग व वर्कट्री यांचा विचार करून गिट उत्तर देतें. तरीहि दोन पथ्यें पाळावीं लागतात. पहिलें असें, कीं सापेक्ष पत्त्याचा अर्थ आपण कोठें उभे आहों त्यावर ठरतो. हूकांचा सापेक्ष पत्ता हूक जेथून चालतात तेथून, म्हणजे सामान्यतः कामाच्या फोल्डरच्या माथ्यापासून, मोजावयाचा असतो. म्हणून प्रश्नहि तेथूनच विचारावा. दुसरें पथ्य वेळेचें. प्रत्येक प्रश्नास स्वतंत्र प्रक्रिया सुरू करावी लागते, आणि विंडोजवर तें महाग पडतें; यास्तव उत्तरें साठवून ठेवणें योग्य. पण साठविलेलें उत्तर शिळें होऊं शकतें. सेटिंग बदलल्यावर तें पुन्हां विचारलें पाहिजे.

आपल्या घरांतील कोणी तरुण या व्यवसायांत असेल, तर त्यानें एक प्रयोग अवश्य करावा. नेहमीं नापसंतीच दर्शवील असा प्री-कमिट हूक एका रिकाम्या प्रकल्पांत ठेवावा, त्याचा पत्ता सेटिंगनें बदलावा, आणि आपल्या दर्शनी साधनांतून नोंद करून पाहावी. नोंद अडली तर साधन योग्य जागीं विचारतें. ती निमूटपणें झाली, तर आपण ज्या पहाऱ्यावर विसंबून आहों तो त्या दारावर नाहीं, हें वेळींच कळेल.