कामाचा चार्ज आणि मनाची सुटी

अभियंत्याचे काम दोन ठिकाणी चालते. एक कारखान्यात, साइटवर किंवा कार्यालयात, आणि दुसरे त्याच्या डोक्यात. पहिल्या कामाला वेळेचे बंधन आहे. भोंगा झाला की ते संपते. दुसऱ्या कामाला भोंगा नाही. जेवताना पंपाच्या बेअरिंगचा आवाज आठवतो, मुलीचा अभ्यास घेताना स्लॅबच्या लोखंडाचा हिशोब चालू राहतो, आणि रात्री दोन वाजता जाग आली की न सापडलेला बिघाड समोर उभा राहतो. असा माणूस घरी असून घरी नसतो. आपल्या समाजातील अनेक तरुण आज अभियंते आहेत व अनेक विद्यार्थी त्या वाटेवर आहेत. म्हणून काम सुटल्यावर मन कसे सोडवावे, याचा थोडा विचार येथे करू.

कामाच्या तासांना मर्यादा ही गोष्ट आपल्याला सहज मिळालेली नाही. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्या कारकिर्दीतच, १९४६ साली, कायद्यात दुरुस्ती होऊन ही मर्यादा ४८ तासांवर आली. कायद्याने हातांना सुटी मिळाली. परंतु मनाची सुटी कोणताही कायदा देऊ शकत नाही. ती ज्याची त्यानेच घ्यावी लागते.

मन कामाला का चिकटते?

ब्लूमा झैगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मध्येच थांबवलेली कामे पुऱ्या केलेल्या कामांपेक्षा लोकांच्या अधिक लक्षात राहतात, असे त्यांना आढळले. पुढच्या सर्वच प्रयोगांत स्मरणातला हा फरक दिसला नाही. पण अर्धवट काम माणसाला आपल्याकडे ओढते, हा अनुभव सर्वांचा आहे. अभियंत्याचे काम तर बहुधा अर्धवटच असते. पूल एका दिवसात होत नाही, यंत्राचा दोष एका पाळीत सापडेलच असे नाही.

अशा वेळी "आता विचार करायचा नाही" असे मनाला बजावून भागत नाही. डॅनियल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली काही विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले. नको म्हटलेले ते अस्वल विद्यार्थ्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येतच राहिले!

मग उपाय कोणता? २०११ साली मासिकाम्पो व बाउमायस्टर या संशोधकांनी दाखवले की, अपुरे काम केव्हा व कसे पुरे करायचे याची नेमकी योजना केली, तर ते काम पुरे झालेले नसतानाही मनाला टोचणे कमी होते. मनाला काम संपलेले हवे असते असे नाही. काम सुरक्षित हाती आहे, एवढी खात्री त्याला पुरते.

चार्ज देण्याची पद्धत

ही खात्री देण्याची रीत आपल्या पाळीतल्या कामगारांना जुनी माहीत आहे. कोराडी, चंद्रपूर, परळी येथील वीज केंद्रे रात्रंदिवस चालतात. पाळी संपताना अभियंता लॉगबुकात नोंद करतो, पुढच्या पाळीच्या माणसाला तोंडी समजावतो, चार्ज देतो आणि मगच घरी जातो.

ही नोंद किती मोलाची असते, हे उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर ६ जुलै १९८८ रोजी दिसले. दुरुस्तीसाठी एका पंपाची सुरक्षा झडप काढलेली होती. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत नीट पोहोचली नाही. पंप चालू केला गेला, वायू गळून स्फोट झाला, आणि आगीत व धुरात १६७ माणसे गेली.

डिझाइन, देखभाल, बांधकाम किंवा संगणकाचे काम करणाऱ्या पुष्कळ अभियंत्यांना पुढच्या पाळीचा माणूस नसतो. त्यांच्या पुढच्या पाळीचा माणूस म्हणजे उद्या सकाळचे ते स्वतःच. त्यालाच चार्ज द्यावा. सुटण्यापूर्वीची दहा मिनिटे राखून वहीत चार गोष्टी लिहाव्यात :

१. काम कोठे थांबले.
२. काय तपासून झाले व काय राहिले.
३. उद्याचे पहिले पाऊल कोणते आणि किती वाजता.
४. त्यासाठी कोणाकडून काय हवे.

उदाहरणार्थ : "फीडर क्र. ३ वारंवार ट्रिप होतो. केबलचा मेगर घेतला, ठीक आहे. रिलेचे सेटिंग पाहिलेले नाही. उद्या सव्वानऊला प्रथम तेच पाहणे. चाचणी संच स्टोअरमधून मागवणे." "फीडरचे बघणे" एवढेच लिहिले तर त्याला चार्ज म्हणत नाहीत, आणि मनही ते मान्य करत नाही.

काही शंका

कोणी म्हणेल, उत्तरे तर कामाबाहेरच सुचतात. खरे आहे. जेम्स वॅटला वाफेच्या इंजिनासाठी वेगळ्या संघनकाची कल्पना १७६५ साली ग्लासगोच्या हिरवळीवर रविवारी फिरताना सुचली. पण विचारात फरक असतो. एक विचार पुढे सरकतो, त्यात आनंद असतो. दुसरा घाण्याच्या बैलासारखा तेथेच फिरतो, "साहेब काय म्हणतील, चूक माझ्यावर तर येणार नाही ना?" पहिला आला तर चिठ्ठीवर टिपून ठेवावा. दुसऱ्याची वाट बंद करावी.

भीती नेमकी असेल, म्हणजे एखादी झडप बंद केली की नाही, आधार काढायला सांगितले ते चुकले का, आणि त्यात माणसाच्या जिवाला धोका असेल, तर सकाळची वाट पाहू नये. तत्काळ फोन करून खात्री करावी. ते कर्तव्यच होय. बाकीच्या शंका वहीत जाव्यात.

मोबाइलचे तसेच. तातडीच्या कामासाठी कोणी, कोणत्या कारणासाठी व कोणत्या नंबरवर फोन करायचा हे साहेबांशी व सहकाऱ्यांशी बोलून ठरवावे. मग व्हॉट्सॲपचा गट रात्रभर पाहण्याचे कारण उरत नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना या हक्काबाबत कामगार प्रतिनिधींशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे तूर्त आपसांतल्या समजुतीवरच भागवावे लागेल.

मोकळा वेळ रिकामा मात्र ठेवू नये. साबिने झोनेनटाग व शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली विश्रांतीचे चार घटक मांडले : कामापासून मन सुटणे, शरीर-मन सैल होणे, काही नवे शिकणे, आणि आपला वेळ आपल्या हाती असणे. म्हणून वाचन, गायन, खेळ, भाजी निवडणे, वस्तीतल्या मुलांना गणित शिकवणे, काहीही चालेल. त्यात मन गुंतले पाहिजे.

विद्यार्थ्यांनीही ही सवय आताच लावावी. सबमिशनच्या रात्री वही मिटण्यापूर्वी उद्याचे पहिले गणित व त्याचे पान लिहून ठेवावे, मग झोपावे. थकलेल्या डोळ्यांनी केलेला हिशोब दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा लागतो.

यंत्राला देखभालीसाठी थांबवावे लागते, हे अभियंत्याला कोणी शिकवायला नको. तोच नियम त्याने स्वतःला लावावा. चार्ज नीट लिहून द्यावा, आणि घरी जाताना संपूर्ण घरी जावे.