मांडीवरची भट्टी

जानेवारी २०१७. लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एसर कंपनीने आपल्या ‘प्रिडेटर २१ एक्स’ या लॅपटॉपची किंमत जाहीर केली. ८,९९९ डॉलर! २१ इंची बाकदार पडदा, आत जीटीएक्स १०८० जातीच्या एक सोडून दोन ग्राफिक्स चिपा, वजन पावणेनऊ किलोच्या आसपास आणि वीज पुरवायला विटेसारखे दोन अडॅप्टर. लॅपटॉप या शब्दातला ‘लॅप’ म्हणजे मांडी. हे धूड मांडीवर घेऊन बसलेल्याला उठवायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागली असती. बरोबर तीन वर्षांनी त्याच प्रदर्शनात असूसने ‘झेफिरस जी१४’ मांडला. १४ इंची, १.६ किलोचा, आत आरटीएक्स २०६०. एसरच्या धुडाइतका दम त्याच्यात नव्हता, पण तो सॅकमध्ये टाकून कॉलेजला नेता येत होता आणि रात्री त्याच्यावर ताजे गेम खेळता येत होते.

या दोन यंत्रांच्या मधल्या तीन वर्षांत नेमकं काय झालं, हे सांगताना बहुतेक लेख चिपांच्या नावांची जंत्री देतात. मला मात्र हा सगळा इतिहास वॅटचा वाटतो. चिपमध्ये शिरलेली वीज गणितं करून झाली की जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. डेस्कटॉपच्या डब्यात तिला हिंडाफिरायला जागा असते, बशीएवढे पंखे असतात. लॅपटॉपमध्ये जेमतेम दोन सेंटीमीटरची पोकळी, तिच्यातच बॅटरी आणि वर माणसाची बोटं.

सुरुवात साधी होती. नोव्हेंबर २००० मध्ये या ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हीडिया कंपनीने ‘जीफोर्स२ गो’ आणली आणि डेस्कटॉपवरचं त्रिमिती चित्रण पहिल्यांदा जीफोर्स या नावाने लॅपटॉपमध्ये आलं. पुढची पंधरा वर्षं लॅपटॉपची चिप ही डेस्कटॉपच्या चिपची धाकटी, अशक्त बहीणच राहिली. पुढे तिच्या नावामागे ‘एम’ हे अक्षर येऊ लागलं, ९८०एम वगैरे. त्या एमची तेव्हा आम्ही टिंगल करायचो. आज वाटतं, तो एम म्हणजे एक प्रामाणिकपणा होता.

ऑगस्ट २०१६ मध्ये पास्कल पिढीच्या चिपा लॅपटॉपमध्ये आल्या आणि एम गळला. या वेळी मात्र तो गळायला कारण होतं. चिप घडवण्याच्या तंत्राने २८ नॅनोमीटरवरून १६ नॅनोमीटरवर उडी मारल्यामुळे तेवढ्याच विजेत कितीतरी जास्त काम होऊ लागलं होतं. त्यातली जीटीएक्स १०७० ची गोष्ट मला फार आवडते. डेस्कटॉपच्या १०७० मध्ये १,९२० गणनकेंद्रं होती, लॅपटॉपच्या १०७० मध्ये २,०४८. धाकटीला थोरलीपेक्षा जास्त! हे औदार्य नव्हतं, हिशेब होता. मोटरसायकल पन्नासच्या वेगाने चालवली की अ‍ॅव्हरेज चांगलं मिळतं, नव्वदने पिटाळली की पेट्रोल नुसतं जळतं. चिपचं तसंच असतं. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत चढतो. म्हणून कामगार जास्त ठेवायचे आणि प्रत्येकाला जरा सावकाश काम करू द्यायचं. लॅपटॉपसाठी चिप बांधण्याचं निम्मं शहाणपण या एका वाक्यात आहे.

हेच शहाणपण २०१७ मध्ये ‘मॅक्स-क्यू’ या नावाने बाजारात आलं. शब्द अवकाशशास्त्रातला. अग्निबाण वर जाताना ज्या क्षणी त्याच्यावर हवेचा दाब सर्वांत जास्त असतो, तो क्षण. चिपला जास्तीत जास्त पळवण्याऐवजी, खर्चलेल्या प्रत्येक वॅटमागे जास्तीत जास्त काम जिथे मिळतं तिथे तिला थांबवायचं. असूसचा पहिला झेफिरस याच लाटेतला. झाकण उघडलं की त्याचा तळ मागून किंचित उचलला जाई आणि त्या फटीतून पंख्यांना हवा मिळे.

आणि मग २०२१ मध्ये माशी शिंकली. आरटीएक्स ३० मालिका लॅपटॉपमध्ये आली तेव्हा मॅक्स-क्यू ही वेगळी पाटी नावातून काढली गेली. आरटीएक्स ३०८० या एकाच नावाखाली ८० वॅटची चिपही विकता येऊ लागली आणि १५० वॅटचीही. परिणाम असा, की भरपूर वीज मिळालेली ३०७० उपाशी ठेवलेल्या ३०८० च्या पुढे जाऊ लागली. ओरड झाल्यावर एनव्हीडियाने लॅपटॉप कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळांवर वॅटचा आकडा द्यायला सांगितलं. तो दिला जातो, पण खोक्यावरच्या चकचकीत स्टिकरवर तो शोधूनही सापडत नाही.

नावाचा घोळ वरच्या टोकाला तर डोळ्यांत भरतो. डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०९० मध्ये १६,३८४ गणनकेंद्रं, २४ जीबी स्मृती आणि ४५० वॅटची भूक. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ केंद्रं, १६ जीबी आणि फार तर १७५ वॅट. २०२५ च्या ५०९० मध्ये दरी आणखी रुंदावली. तिकडे २१,७६० केंद्रं आणि ५७५ वॅट, इकडे १०,४९६. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. यंत्र वाईट आहे असं नव्हे. पावणेदोनशे वॅटमध्ये एवढं काम करणारी वस्तू ही अभियांत्रिकीची कमालच आहे. तक्रार नावाबद्दल आहे.

पुतण्याने गेल्या वर्षी फोन करून विचारलं, “काका, ४०६० घेऊ की ४०७०?” मी विचारलं, “किती वॅटची?” पलीकडे शांतता. मग त्याने तोच प्रश्न दुकानदाराला विचारला, तर उत्तर आलं, “चार्जर मोठा आहे, साहेब.” खरं तर हे उत्तर वाटतं तितकं अडाणीपणाचं नाही. अडॅप्टर २३० वॅटचा आहे की १५० वॅटचा, यावरून आतल्या चिपच्या नशिबाचा बराच अंदाज येतो. मात्र वॅटलाही अंत असतो. ४०६० ला शंभरच्या पुढे वीज पाजून फारसं काही हाती लागत नाही, कारण तिच्या व्होल्टेजलाच वरून टोपी घातलेली आहे.

उष्णता अंगाशी आली की काय होतं, याचा धडा या धंद्याने २००८ मध्ये घेतला. त्या जुलैत एनव्हीडियाने जाहीर केलं, की लॅपटॉपमधल्या आधीच्या पिढीच्या काही चिपा त्यांच्या बांधणीतल्या कमकुवत साहित्यामुळे नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत. भरपाईसाठी कंपनीने १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. चिप तापते, फुगते, निवते, आकसते. दिवसातून अनेकदा असं झालं, की तिच्या खालचे डाकाचे सूक्ष्म टिपके तडकतात. आपल्याकडे दुरुस्तीवाले अशा मेलेल्या बोर्डांना गरम हवेचा झोत देऊन उठवायचे. ‘हीट मारून देतो, पण गॅरंटी नाही,’ हे वाक्य त्या काळात ज्याने ऐकलं नाही त्याने लॅपटॉप वापरलाच नाही, असं म्हणायला हरकत नाही. उठवलेला बोर्ड बहुधा पुन्हा झोपायचाच.

त्यानंतर थंडाव्याची कला फार पुढे गेली. तांब्याच्या पोकळ नळ्यांमध्ये थेंबभर द्रव असतो. तो चिपजवळ उकळतो, वाफ दुसऱ्या टोकाला पंख्यापाशी जाऊन निवते आणि द्रव पुन्हा मागे झिरपतो. महागड्या यंत्रांत नळ्यांच्या जागी याच तत्त्वावर चालणारी सपाट पेटी असते. चिप आणि तांबं यांच्यामध्ये पांढुरक्या लेपाऐवजी काही कंपन्या द्रवरूप धातू घालतात. तो गॅलियम, इंडियम आणि कथील यांचा मिश्रधातू असतो. सोनुबाईच्या हातातलं कथील इथं खरोखरच कामाला आलं! हा धातू विजेचा वाहक असल्याने सांडला तर बोर्ड खलास, आणि अ‍ॅल्युमिनियमला तर तो खाऊनच टाकतो.

पण कितीही नळ्या बसवा, पंखा खोलीतलीच हवा आत ओढणार. लॅपटॉपची परीक्षणं करणाऱ्यांच्या खोल्या बावीस-पंचवीस अंशांच्या असतात. आमच्या विदर्भात मेच्या दुपारी कूलर बंद असलेल्या खोलीत चाळीस अंश ही नवलाई नव्हे. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच पंधरा अंशांचं ओझं पाठीवर. चिप आपल्या मर्यादेला पोचली की स्वतःच वेग कमी करते आणि इंटरनेटवर पाहिलेले आकडे घरी काही केल्या निघत नाहीत.

त्यात वीज गेली तर आणखी मजा. विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-तास आहे, म्हणून मोठमोठ्या गेमिंग लॅपटॉपची बॅटरी ९९ च्या आसपास येऊन थांबते. दोनशे वॅट ओढणारं यंत्र तिच्यावर पूर्ण वेगाने चाललं, तर अर्धा तासही पुरणार नाही. मुळात बॅटरी तेवढा जोरच देऊ शकत नाही, त्यामुळे लाइट जाताक्षणी गेम अडखळू लागतो. गेमिंग लॅपटॉप हा उचलून नेता येणारा डेस्कटॉप आहे. गेला तिथे त्याला आधी भिंतीतला प्लग लागतो.

वॅट वाढवता येत नाहीत म्हटल्यावर कामच कमी करण्याचा मार्ग उरतो. २०१० मध्ये ऑप्टिमस आलं, म्हणजे गरज नसेल तेव्हा मोठी चिप झोपवून ठेवायची. खरी उलथापालथ केली ती डीएलएसएसने. चित्र कमी ठिपक्यांत काढायचं आणि शिकवलेल्या यंत्रबुद्धीने ते मोठं करायचं. २०२० मधल्या दुसऱ्या आवृत्तीपासून हे डोळ्यांना पटू लागलं. २०२२ पासून तर दोन चित्रांच्या मधलं चित्रही यंत्रच कल्पून घालू लागलं आणि २०२५ मध्ये एका खऱ्या चित्रामागे तीन कल्पित चित्रांपर्यंत मजल गेली. याच जोरावर एनव्हीडियाचे जेन्सन ह्वांग यांनी त्या वर्षी सीईएसच्या मंचावर सांगितलं, की ५०७० आता ४०९० ची कामगिरी देईल. मला हे अर्धंच पटतं. कल्पित चित्रांनी हालचाल मऊ दिसते, पण बटण दाबल्यावर बंदूक लवकर उडत नाही. निसर्ग बघत हिंडायच्या गेममध्ये हे चालेल, समोरासमोरच्या लढतीत नाही.

स्मृतीचं दुखणं मात्र अजून तसंच आहे. ४०७० काय आणि ५०७० काय, लॅपटॉपमध्ये दोघींनाही आठच जीबी, तीही बोर्डावर डाकलेली. एएमडीने २०२५ च्या रायझन एआय मॅक्समध्ये वेगळा रस्ता धरला. मुख्य चिपमध्येच चाळीस एककांचं ग्राफिक्स आणि दोघांना मिळून १२८ जीबीपर्यंत सामाईक स्मृती. अ‍ॅपलने २०२० च्या एम१ पासून हीच एकत्र कुटुंबपद्धती चालवली आहे. फ्रेमवर्क नावाची छोटी कंपनी तर १६ इंची लॅपटॉपच्या मागचा ग्राफिक्सचा खण काढून नवा बसवू देते. मोठ्या कंपन्यांना ही कल्पना का आवडत नसावी, हे वाचकांनी ताडावं.

पुतण्याने शेवटी १४० वॅटची ४०६० घेतली, अडीच किलोची. पुण्याच्या हॉस्टेलवरून त्याने फोटो पाठवला आहे. तळाखालून हवा खेळावी म्हणून लॅपटॉपची मागची बाजू अभियांत्रिकी गणिताच्या दोन जाड खंडांवर टेकवली आहे. खाली लिहिलंय, “काका, पुस्तकं उपयोगी पडली. सात अंश कमी!”